पार्किन्सन्स : कंपापलीकडचं बरंच काही

मेकॅनिकलवाल्यांना व्हायब्रेशन नवीन नाही आणि इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना ऑसिलेटर नवीन नाही. तेव्हा एक सोपा प्रश्न. माणूस शांत बसलेला असताना त्याचा हात सेकंदाला चार ते सहा वेळा आपोआप हलायला लागला तर त्याला काय म्हणायचं? बरेच जण पटकन सांगतील, "कंपवात! पार्किन्सन्स!" बरोबर. नाटक-सिनेमात हात थरथरणारे आजोबा पाहून एवढं ज्ञान आपल्याला झालेलं असतं.

आता दुसरा प्रश्न, जरा अवघड. हा आजार झालेल्या माणसाचं जगणं किती चांगलं किंवा वाईट चाललंय, हे मोजायचं कसं? ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १९९५ साली यासाठी एक प्रश्नावली तयार केली. तिचं नाव पीडीक्यू-३९. प्रश्न ठरवण्याआधी त्यांनी खुद्द रुग्णांशीच सविस्तर बोलून घेतलं होतं. त्यातून ३९ प्रश्न आणि त्यांचे आठ गट झाले : चालणं-फिरणं, रोजची कामं, मनःस्थिती, लोकांसमोर वाटणारा संकोच, जवळच्यांचा आधार, स्मरण व एकाग्रता, संवाद आणि शारीरिक दुखणं. या आठांत 'थरथर' नावाचा गट कुठे आहे? नाही!

म्हणजे बाहेरून आपल्याला जे सगळ्यात आधी दिसतं, ते त्या माणसाच्या जगण्यातलं सगळ्यात मोठं दुखणं असेलच असं नाही. शर्टाचं बटण लावायला वीस मिनिटं लागणं, उंबऱ्यात पाय चिकटून बसणं, बोललेलं कुणाला ऐकू न जाणं, आणि लोक बघतात म्हणून लग्नकार्याला जाणंच सोडून देणं, हे प्रश्न जास्त मोठे असतात. हा आजार मुळापासून बरा करणारं औषध आज तरी नाही. पण वरच्या आठही गटांत सुधारणा करता येते, आणि त्यातली बरीचशी घरच्या माणसांच्या हातात असते. सुट्टीत घरी जाणाऱ्या आपल्यासारख्यांच्याही! म्हणूनच हा लेखप्रपंच.

नेमकं बिघडतं काय?

लंडनमधल्या जेम्स पार्किन्सन नावाच्या डॉक्टरने १८१७ साली या आजारावर एक छोटा निबंध लिहिला. त्यात फक्त सहा जणांचं वर्णन होतं. गंमत म्हणजे त्यातले काही जण त्याने दवाखान्यात तपासलेले नव्हते, रस्त्यात येता-जाता नुसते पाहिलेले होते. निरीक्षण कशाला म्हणतात ते इथे कळतं! पुढे फ्रान्सच्या शार्को या डॉक्टरने आजाराला त्याचं नाव दिलं. पार्किन्सनचा जन्मदिवस ११ एप्रिल, म्हणून तो जागतिक पार्किन्सन्स दिन.

आपल्या मेंदूच्या तळाशी सबस्टॅन्शिया नायग्रा नावाचा एक छोटा भाग असतो. तिथल्या पेशी डोपामीन नावाचं रसायन बनवतात. हालचाल कधी सुरू करायची, केवढी करायची, एकीतून दुसरीत कसं जायचं, हे सुरळीत चालायला हे रसायन लागतं. पार्किन्सन्समध्ये या पेशी हळूहळू मरत जातात. लक्षणं दिसेपर्यंत निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त पेशी गेलेल्या असतात. तोपर्यंत मेंदू कसंबसं निभावून नेत असतो.

आपण सायकल चालवताना पेडलचा विचार करत नाही, चालताना 'आता उजवा पाय, आता डावा' असं म्हणत नाही. हे सगळं ऑटो मोडवर चालतं. पार्किन्सन्समध्ये नेमका हा ऑटो मोड बिघडतो. स्नायूत ताकद असते, माणसाची इच्छा असते, पण कामं एकेक करून मॅन्युअलवर करावी लागतात. म्हणून हालचाली मंद आणि लहान होतात. अक्षर बारीक होत जातं, पावलं छोटी पडतात, चालताना एक हात हलायचा थांबतो, आवाज खाली जातो, चेहऱ्यावरचे भाव कमी होतात. अंग ताठर होतं. मंदपणा हे या आजाराचं मुख्य लक्षण. काही रुग्णांचा तर हात कधी थरथरतच नाही!

आणि थरथर असली तरी ती बहुतेक वेळा हात विसावलेला असताना जास्त असते, वस्तू धरायला गेलं की कमी होते. त्यामुळे 'हात हलतो म्हणजे पार्किन्सन्स' हे समीकरण चूक. हात हलण्याची कारणं दुसरीही असतात. निदान मेंदूविकारतज्ज्ञानेच करावं.

हा आजार संसर्गाने होत नाही. साधारण साठीच्या पुढे जास्त दिसतो, पण तरुणपणीही होऊ शकतो. 'बॅक टू द फ्युचर'वाला मायकेल जे. फॉक्स आठवतो? त्याला १९९१ साली, वयाच्या २९ व्या वर्षी निदान झालं. सात वर्षं त्याने ते जगापासून लपवलं आणि १९९८ मध्ये जाहीर केलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगात ८५ लाखांहून अधिक लोकांना हा आजार होता.

गेटवरचा वॉचमन आणि औषधाची वेळ

डोपामीन कमी पडतंय ना, मग डोपामीनचीच गोळी द्या की! इतकं सोपं नाही. रक्तातून मेंदूत काय जाऊ द्यायचं यावर कडक पहारा असतो. आपल्या होस्टेलच्या गेटवरचा वॉचमन समजा. डोपामीनला तो आत सोडत नाही. पण लेव्होडोपा नावाच्या पदार्थाकडे पास असतो. तो आत जातो आणि आत गेल्यावर त्याचं डोपामीन होतं. अडचण अशी की लेव्होडोपाचं गेटबाहेरच डोपामीन झालं तर ते वाया जातं आणि वर मळमळ होते. म्हणून गोळीत कार्बिडोपासारखं दुसरं औषध घालतात. ते बाहेरचं रूपांतर रोखतं.

या गोळीमागे मोठी माणसं आहेत. डोपामीनचं मेंदूतलं महत्त्व स्वीडनच्या आर्विड कार्लसनने १९५० च्या दशकात दाखवलं. त्याला २००० साली नोबेल मिळालं. जॉर्ज कोटझियासने १९६७ मध्ये लेव्होडोपाचा डोस हळूहळू वाढवत न्यायची पद्धत दाखवली आणि औषध खऱ्या अर्थाने उपयोगी पडू लागलं. आपल्याकडचाही एक धागा आहे. आयुर्वेदात कंपवातावर वापरल्या जाणाऱ्या खाजकुइलीच्या बियांत लेव्होडोपा असतो. मद्रासच्या दोन संशोधकांनी १९३७ साली तो त्या बियांतून वेगळा काढला होता. पण म्हणून घरच्या घरी बियांची पूड सुरू करू नये. एका चमच्यात नेमका किती डोस गेला हे कळत नाही, आणि चालू गोळ्यांत त्याची भर पडते.

आता मुद्द्याची गोष्ट. लेव्होडोपाचं रक्तातलं प्रमाण साधारण दीड तासात निम्मं होतं. एक्स्पोनेन्शियल डिके आपण सगळ्यांनीच घोकलेला आहे! सुरुवातीच्या वर्षांत मेंदूकडे डोपामीन साठवायला पुरेशा पेशी असतात, त्यामुळे चढउतार जाणवत नाहीत. पुढे साठवण संपत जाते आणि माणसाची हालचाल थेट गोळीच्या घड्याळावर चालू लागते. गोळी लागू असताना माणूस छान चालतो-बोलतो, ही 'ऑन' अवस्था. असर उतरला की खुर्चीतून उठवत नाही, ही 'ऑफ' अवस्था. काही वेळा उलट होतं, औषध जास्त झालं की अंग आपोआप वळवळू लागतं.

घरात गैरसमज होतो तो इथेच. "मघाशी तर अंगणात फिरत होते, आता म्हणे पाणी पण घेता येत नाही. नाटक आहे सगळं!" नाटक नाही हो! मघाचा माणूस ऑन होता, आत्ताचा ऑफ आहे. हे एवढं जरी घरातल्या सगळ्यांना कळलं तरी निम्मी भांडणं मिटतील.

त्यामुळे औषधाबाबत काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवायच्या :

– गोळी म्हणजे ठरलेली वेळ. 'जेवण झाल्यावर बघू' चालत नाही. मोबाईलला गजर लावा.

– प्रथिनं आणि लेव्होडोपा एकाच खिडकीवर रांग लावतात. म्हणून गोळी बहुधा जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायला सांगतात. मळमळत असेल तर सोबत एखादं बिस्कीट चालतं. पण डाळ, दूध, अंडी बंद करून टाकणं हा उपाय नव्हे. आहारातला बदल डॉक्टरांना विचारून. लोहाच्या गोळ्याही याच वेळी घेऊ नयेत.

– औषध स्वतःहून एकदम बंद करायचं नाही. ते धोकादायक ठरू शकतं.

– उलटी किंवा चक्कर यावर सर्रास दिली जाणारी काही औषधं, उदाहरणार्थ मेटोक्लोप्रामाइड आणि सिनारिझिन, पार्किन्सन्सची लक्षणं वाढवू शकतात. दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरांकडे गेलं तरी पहिलं वाक्य हेच, "यांना पार्किन्सन्स आहे."

– दुसऱ्या कारणासाठी हॉस्पिटलात दाखल व्हायची वेळ आली तर गोळ्यांचं वेळापत्रक कागदावर लिहून नर्सच्या हातात द्या. वॉर्डाच्या वेळा वेगळ्या, रुग्णाच्या वेगळ्या. ब्रिटनमध्ये तर केवळ 'गोळी वेळेवर द्या' एवढ्या मागणीसाठी रुग्णसंघटनेने २००६ पासून मोहीम चालवली आहे.

– काही औषधांनी जुगार, बेसुमार खरेदी असा नाद लागू शकतो. तो स्वभावदोष नसून औषधाचा परिणाम असू शकतो. लपवू नका, डॉक्टरांना सांगा.

जिना चढता येतो, पण उंबरा ओलांडत नाही!

या आजारातलं सगळ्यात चक्रावणारं लक्षण म्हणजे पाय गोठणं. माणूस चालता चालता थांबतो. जणू कुणी पाय जमिनीला फेविकॉलने चिकटवलेत. दारातून जाताना, वळताना, अरुंद जागेत, गर्दीत किंवा घाईत हे जास्त होतं. शरीराचा वरचा भाग पुढे जातो, पाय मागेच राहतात आणि माणूस पडतो.

पण इथे एक विलक्षण पळवाट आहे. ऑटो मोड बिघडला असला तरी डोळ्यांसमोर किंवा कानावर बाहेरून खूण मिळाली की मेंदू दुसरा रस्ता वापरतो. जमिनीवर आडव्या पट्ट्या मारल्या की त्या ओलांडत माणूस चालू लागतो. मेट्रोनोमच्या ठेक्यावर किंवा गाण्याच्या तालावर पाऊल पडतं.

पुण्याच्या मिलेहा सोनेजी हिचं काम या संदर्भात मुद्दाम सांगण्यासारखं आहे. ही डिझायनर. हिच्या काकांना पार्किन्सन्स झाला. आधी घरातल्या पोरांचे लाडके, सगळ्यांच्या मधोमध असणारे काका लोकांच्या नजरेतली कीव टाळायला आत लपू लागले. एकदा तिच्या लक्षात आलं की सपाट जमिनीवर वॉकरशिवाय न चालणारे काका जिना मात्र सहज उतरतात! का? कारण जिन्याची प्रत्येक पायरी म्हणजे एक खूण. मग तिने जमिनीवर जिन्याचं चित्र अंथरलं, म्हणजे सपाट कागदावर पायऱ्यांचा भास. काका त्यावरून भराभर चालत गेले. चहा-पाणी सांडतं म्हणून ते चारचौघांत पिणं टाळत, तर तिने आत वळलेल्या काठाचा कप बनवला. हात हलला की चहा काठावर आपटून परत आतच पडतो. आणि कप दिसतो साध्या कपासारखाच. 'रुग्णाचा कप' असं कुणी म्हणणार नाही. २०१५ साली नेदरलंड्समध्ये डेल्फ्ट इथल्या टेडेक्स कार्यक्रमात तिने हे सगळं सांगितलं.

यात ना सेन्सर, ना मायक्रोकंट्रोलर! होतं ते तासन्‌तास शेजारी बसून केलेलं निरीक्षण.

नेदरलंड्समधलंच दुसरं उदाहरण. तिथल्या डॉक्टरांनी २०१० मध्ये एका ५८ वर्षांच्या रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. या गृहस्थांना चार पावलं धड टाकता येत नव्हती, पण सायकलवर बसवून दिलं की ते झकास सायकल मारत! अर्थात, म्हणून उद्याच आजोबांना कॉलेज रोडवर सायकल देऊ नका. व्यायामाची जागची सायकल मात्र डॉक्टरांना विचारून जरूर आणा.

पाय गोठले तर काय करायचं? पहिली गोष्ट, ओढायचं नाही. "चला, चला" म्हणत हाताला धरून खेचलं की पडण्याचा धोका वाढतो. थांबू द्या. वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर घ्यायला सांगा. "एक, दोन, तीन" म्हणा आणि मोठं पाऊल टाकायला सांगा, किंवा त्यांच्या पायापुढे आपला पाय आडवा ठेवून 'हा ओलांडा' म्हणा. वळताना जागच्या जागी गिरकी नको, मोठा गोल घ्यावा. आणि चालताना गप्पा नकोत, कारण मॅन्युअल मोडवर एका वेळी एकच काम नीट होतं.

घरात छोटे छोटे बदल

घर पाडून नवं बांधायची गरज नसते. सरकणारी पायपुसणी, सतरंज्या आणि आडव्या-तिडव्या वायरी उचलायच्या. रात्री बाथरूमच्या वाटेवर दिवा ठेवायचा. संडास-बाथरूममध्ये भिंतीला पक्के दांडे बसवायचे. टॉवेल अडकवायचा दांडा वजन पेलत नाही, हे सिव्हिलवाल्यांना सांगायला नको. खाली बसायचा संडास असेल तर कमोडची खुर्ची आणावी. बसायची खुर्ची थोडी उंच आणि हातांची असावी. खोल सोफ्यातून उठणं म्हणजे यांना गड चढण्यासारखं.

रात्री कूस बदलणं हा मोठा प्रश्न असतो. सॅटिनसारखी गुळगुळीत चादर किंवा गुळगुळीत कपडे असले तर अंग सहज सरकतं. बटणांऐवजी वेल्क्रो किंवा इलॅस्टिक वापरावं, कपडे बसून घालावेत. चमच्याची दांडी जाड केली की पकड सुधारते. सायकलच्या हँडलची रबरी मूठ चमच्यावर चढवून पाहा, पाच मिनिटांचं काम! ताटाला उंच काठ असावा. अंथरुणातून उठताना आधी दोन मिनिटं बसायचं, कारण उभं राहताच रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते. जेवताना ताठ बसायचं, लहान घास घ्यायचा आणि घास तोंडात असताना आपण त्यांना प्रश्न विचारायचे नाहीत. वारंवार ठसका लागत असेल तर डॉक्टरांना सांगायलाच हवं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेळ द्या. बटण लावायला वेळ लागतोय म्हणून आपण पटकन लावून देतो. हेतू चांगला, पण रोज असं केलं तर त्यांची सवय आणि उमेद दोन्ही जातात. अर्धा तास आधी तयारीला लागावं, मदत मागितली तर करावी.

'रागावलेत का?'

चेहऱ्याचे स्नायू मंद झाले की माणूस हसला तरी हसलेला दिसत नाही. आवाज बारीक होतो, आणि विशेष म्हणजे तो बारीक झालाय हे त्याला स्वतःला कळत नाही. त्याच्या मते तो नेहमीच्याच आवाजात बोलतोय. हा फीडबॅकमधला दोष! परिणाम काय? नातवंडांना वाटतं आजोबा रागावलेत. शेजाऱ्यांना वाटतं आखडू झालेत. बँकेत, एस.टी.त तर 'पिऊन आलाय' असंही समजतात. चारदा असा अनुभव आला की माणूस घराबाहेर पडणंच सोडतो. कंपापेक्षा हा तुरुंग वाईट.

आवाजासाठी व्यायाम आहेत. १९८७ पासून विकसित झालेल्या एका उपचारपद्धतीत रुग्णाला एकच गोष्ट शिकवतात, 'मोठ्याने बोला'. दहा सूचना नाहीत, एकच. मोठ्याने बोलायचं ठरवलं की श्वास, जीभ, ओठ सगळेच जास्त काम करतात. स्पीच थेरपिस्टकडे हे शिकता येतं. आपल्या बाजूने टीव्ही बंद करावा, समोर बसावं, वाक्य त्यांना पूर्ण करू द्यावं. आणि "कसे आहात?" हे त्यांच्यासोबत आलेल्यांना न विचारता त्यांनाच विचारावं.

मनाचीही बाजू आहे. उदासी आणि चिंता या आजारात बऱ्याच जणांना होतात. त्यात 'आजार झाला म्हणून वाईट वाटतंय' एवढंच नसतं, मेंदूतल्या रसायनांचा बदलही असतो. वास न येणं, बद्धकोष्ठता, झोपेत हातपाय झाडणं ही लक्षणं तर थरथरीच्या कितीतरी वर्षं आधी सुरू होऊ शकतात. या सगळ्यावर उपचार आहेत, पण डॉक्टरांना सांगितलं तर! दहा मिनिटांच्या भेटीत फक्त हाताबद्दल बोलून लोक परत येतात.

व्यायाम म्हणजेही औषध

व्यायामाने या आजारात फायदा होतो याचे चांगले पुरावे आहेत. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात १९५ रुग्णांना तीन गटांत विभागून २४ आठवडे, आठवड्यातून दोनदा व्यायाम दिला. ताई-ची करणाऱ्या गटाचा तोल सगळ्यात जास्त सुधारला. आणि डान्स! न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने २००१ पासून पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नृत्यवर्ग सुरू केले. आपल्या पुण्यात ऋषीकेश पवार यांनीही असे वर्ग घेतले. ताल ही कानाला मिळणारी खूण, बाई-सर करतात ते बघणं ही डोळ्यांना मिळणारी खूण, आणि शिवाय चार माणसांत हसणं-खिदळणं. तिथे सगळेच हळू, म्हणून संकोच कुणाचाच नाही.

पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ हेच करत आलं आहे. रुग्ण आणि त्यांची काळजी घेणारे घरचे यांच्या सभा, सहली, एप्रिलमधला मेळावा. मुंबईत २००१ साली डॉ. भीम सिंघल यांनी पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी स्थापन केली. अशा गटात पहिल्यांदा गेलेला माणूस 'आपण एकटे नाही' हे घेऊन परततो, आणि ते कुठल्याच मेडिकलमध्ये मिळत नाही. त्याची पत्नी किंवा सूनही. तिच्या कंबरेकडे, झोपेकडे आणि सुट्टीकडे कोण बघणार? आठवड्यातून एक संध्याकाळ तिला मोकळी करून देणं हाही पार्किन्सन्सवरचाच उपाय आहे.

मेंदूतला पेसमेकर

आपल्या आवडीचा विषय शेवटी ठेवला आहे. १९८७ मध्ये फ्रान्समधल्या ग्रनोबल इथे आलीम-लुई बेनाबिद यांनी दाखवलं की मेंदूत खोलवर एक बारीक तार बसवून सेकंदाला शंभराहून अधिक स्पंद दिले की थरथर थांबते. यालाच डीप ब्रेन स्टिम्युलेशन म्हणतात. बॅटरी आणि सर्किट छातीत कातडीखाली असतं. स्पंद बहुधा १३० हर्ट्झच्या आसपास. अनेक वर्षं ही ओपन लूप सिस्टिम होती, म्हणजे गरज असो-नसो, स्पंद चालूच. आता मेंदूतलेच सिग्नल वाचून स्पंद कमी-जास्त करणारी यंत्रं आली आहेत. २०२५ मध्ये अमेरिकेत त्यांना मान्यता मिळाली. क्लोज्ड लूप! कंट्रोल सिस्टिमचा पेपर कुठे उपयोगी पडणार असं विचारणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

पण ही शस्त्रक्रिया सगळ्यांसाठी नाही. लेव्होडोपाने ज्यांना फायदा होतो पण चढउतार फार आहेत, अशांना ती जास्त उपयोगी पडते. खर्च लाखांच्या घरात जातो. आणि तिनेही आजार बरा होत नाही.

मग आपण काय करायचं?

आपल्यापैकी कुणाच्या घरी असा माणूस असेल तर पुढच्या सुट्टीत एक काम करा. चार दिवस दर अर्ध्या तासाला नोंद ठेवा : गोळी किती वाजता, जेवण किती वाजता, ऑन की ऑफ, पाय गोठले का, अंग वळवळलं का. त्याचा साधा ग्राफ काढा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा. "मधूनमधून त्रास होतो" या वाक्यापेक्षा तो ग्राफ त्यांना कितीतरी जास्त सांगेल. गोळीची वेळ पंधरा मिनिटं इकडे-तिकडे करूनही दिवस बदलतो. आणि हो, दिव्यांगांच्या हक्कांसाठीच्या २०१६ च्या कायद्यात पार्किन्सन्सचा समावेश आहे. प्रमाणपत्राचे फॉर्म भरायला घरच्यांना मदत करा. ती धावपळ आपल्यालाच जमते.

आपल्या स्टाफमध्ये, मेसमध्ये, कॉलनीत कुणाचं अक्षर बारीक होत चाललं असेल, चालताना एक हात हलत नसेल, तर टर उडवण्याआधी थांबा. निदान करायला आपण डॉक्टर नाही, पण 'एकदा दाखवून घ्या' असं जवळच्या माणसाला हळूच सांगता येतं.

आणि फायनल इयरवाल्यांसाठी. या विषयावर प्रोजेक्ट घ्यायचा म्हटलं की पहिली कल्पना येते थरथर थांबवणाऱ्या हातमोज्याची. जरूर करा. अनुपम पाठक या इंजिनिअरने हाताच्या कंपाच्या विरुद्ध दिशेने हलून स्वतः स्थिर राहणारा चमचा बनवला आणि २०१४ मध्ये गूगलने ती कंपनी विकत घेतली. पण सर्किट डायग्राम काढण्याआधी एखाद्या रुग्णाच्या घरी चार दुपारी जाऊन बसा. त्या प्रश्नावलीतले आठ गट डोळ्यांसमोर ठेवा आणि त्यांना विचारा, "तुम्हाला सगळ्यात जास्त काय अडतं?" उत्तर कदाचित 'हात' असेल. कदाचित 'रात्री कूस बदलता येत नाही' किंवा 'फोनवर माझं बोलणं कुणाला समजत नाही' असं असेल. प्रॉब्लेम स्टेटमेंट तिथून उचला. गाईड सरांना पटवायला त्यापेक्षा चांगला मुद्दा मिळणार नाही, आणि बनवलेली वस्तू सबमिशननंतर लॅबच्या कपाटात धूळ खात न पडता कुणाच्या तरी घरी रोज वापरली जाईल.